गोळीवरचा लेप

१८५७ च्या उठावाविषयी शालेय पुस्तकातले एक वाक्य आपणा सर्वांना पाठ असते: काडतुसांना गाईची व डुकराची चरबी लावलेली होती. पुढचा प्रश्न मात्र वर्गात सहसा कोणी विचारत नाही. मुळात गोळीला चरबी लावायचीच कशाला? एम.ए.च्या वर्षांत त्या काळच्या जबान्या वाचताना हा प्रश्न माझ्या मागे लागला. उत्तराचा धागा शिपायाच्या बंदुकीआधी मला गोऱ्या अधिकाऱ्याच्या कमरेला असलेल्या रिव्हॉल्व्हरमध्ये सापडला.

शिसे ३२७ अंश सेल्सिअसला वितळते. त्याला भट्टी लागत नाही, लाकडाचा विस्तव पुरतो. म्हणून कोल्ट किंवा अ‍ॅडम्सच्या रिव्हॉल्व्हरसोबत येणाऱ्या पेटीत बहुधा गोळ्यांचा साचाही असे. मालकाने शिसे ओतावे, गोळीचे शेपूट छाटावे, चक्राच्या प्रत्येक घरात आधी दारू आणि मग गोळी ठासावी. कोल्टची गोळी घरापेक्षा किंचित मोठी असे. ठासताना शिशाची बारीक कडी सोलून निघाली, की गोळी घट्ट बसली असे समजावे. त्यावर चरबीचा किंवा मेणाचा लेप. जळलेल्या दारूची काजळी त्याने मऊ राहते, आणि एका घराची ठिणगी शेजारच्या घरात शिरण्याचा धोका कमी होतो. हा लेप कशाचा असावा, हे साहेब स्वतः ठरवी. त्याला कोणी हुकूम करीत नव्हते.

शिपायाची गोष्ट निराळी. जुन्या ‘ब्राउन बेस’ बंदुकीचे काडतूसही तो दातानेच फाडत आला होता. पण तिची नळी आतून गुळगुळीत, गोळी सैल, त्यामुळे लेपाची गरज नव्हती. १८५३ च्या एनफिल्ड रायफलीच्या नळीत मळसूत्री खाचा होत्या. नळी ०.५७७ इंचाची, गोळी ०.५६८ इंचाची, मधली फट इंचाच्या जेमतेम शंभराव्या भागाइतकी. बार उडताच गोळीचा पोकळ बूड फुगे आणि शिसे खाचांत रुते. मऊपणा हाच शिशाचा गुण, आणि हाच दोष, कारण नळीत शिसे व काजळी साचत जाते. म्हणून गोळीभोवतीच्या कागदाला चरबी.

येथे एक बारकावा ध्यानात घ्यावा. दाताने फाडायचे टोक दारूकडचे, चरबीचे टोक गोळीकडचे. कागदोपत्री तोंडाचा चरबीशी संबंध येत नव्हता. परंतु चरबी कागदात झिरपते, बोटांना लागते. कवायतीच्या आराखड्यात ही बोटे कोणाला दिसली नसावीत.

जानेवारी १८५७ मध्ये कलकत्त्याजवळच्या डमडमला कुजबुज सुरू झाली. महिनाअखेरीस सरकारने काडतुसे लेपाविना द्यावीत आणि शिपायांनी स्वतः हवे ते लावावे, अशी मुभा दिली. म्हणजे साहेबाला रिव्हॉल्व्हरपुरते जे स्वातंत्र्य होते, ते शिपायाला मिळाले, पण उशिरा. तोवर संशय लेपावरून नव्या काडतुसांच्या तुकतुकीत कागदावर सरकला होता. पुढे दातांऐवजी हाताने फाडण्याची कवायतही आली.

अनेक लेखक या टप्प्यावर ‘अफवा’ हा शब्द वापरून मोकळे होतात. मला तो अपुरा वाटतो. चरबी कोणत्या जनावराची असावी, याची अट ती पुरवणाऱ्यावर घातलेली नव्हती. म्हणजे शिपायाचा प्रश्न रास्त होता आणि त्याचे खात्रीचे उत्तर सरकारजवळही नव्हते. शिवाय, ही रायफल लेपावाचून नीट चालत नाही हे जो रोज हाताने अनुभवतो, त्याला ‘आता लेप नाही’ हे आश्वासन पोकळ वाटले, तर त्यात नवल कसले?

२४ एप्रिलला मेरठमध्ये तिसऱ्या घोडदळाच्या ९० शिपायांपुढे काडतुसे ठेवली गेली. ती नेहमीचीच होती, नवी एनफिल्डची नव्हेत. ८५ जणांनी ती नाकारली. ९ मे रोजी भर कवायतीच्या मैदानावर त्यांच्या पायांत बेड्या ठोकल्या. १० मे रोजी मेरठ पेटले.

पुढच्या दशकात बॉक्सर काडतूस आले. आता दारू पितळेच्या कवचात होती आणि फाडायला कागदच उरला नव्हता.