पहिलं पान

नगरजवळच्या टेकडीवरच्या तीन मजली वास्तूला सगळे ‘चांदबीबी महाल’ म्हणतात. खरं तर तो निजामशाहीचा वजीर सलाबतखान दुसरा याचा मकबरा. हे मराठीत सांगायला मी पहिलं वेबपान केलं. नोटपॅडमध्ये शीर्षक, दोन परिच्छेद, एक फोटो. फाईलचं नाव इंडेक्स डॉट एचटीएमएल. ब्राउझरमध्ये उघडलं, तर मराठीच्या जागी नुसती प्रश्नचिन्हं! यूटीएफ-8 निवडून पुन्हा टाईप केलं, सेव्ह केलं, अक्षरं उमटली. मग फोटोसकट फाईल सर्व्हरवर चढवली.

अब्बांनी मोबाईलवर वाचून विचारलं, “मग चांदबीबीचं काय?”

त्याच रात्री तिसरा परिच्छेद जोडला: 1595-96 मध्ये मुघलांविरुद्ध नगरचा किल्ला तिनेच लढवला. एकाचं नाव लिहिताना दुसरीचं पुसायचं कशाला?