दहापैकी दहा

गोव्यातल्या मराठी शाळेत शिकलेल्या माणसाला सरस्वती म्हटले की देऊळ आठवत नाही, शाळा आठवते. सरस्वतीपूजनाचा दिवस, रंगीत पताका, पाटीवर खडूने काढलेली सरस्वती, आणि रात्री शाळेच्या आवारात मुलांचे नाटक. देवळातली सरस्वती बघायची तर आपल्याला बरेच लांब जावे लागते. गोदावरीकाठी बासरला. हे गाव पूर्वी आदिलाबाद जिल्ह्यात होते, २०१६ साली जिल्ह्यांची वाटणी झाली तेव्हा ते निर्मल जिल्ह्यात गेले. नांदेड जिल्ह्याची हद्द अगदी लागून, त्यामुळे रांगेत उभे राहिले की तेलुगूइतकीच मराठी कानावर पडते. लोक लहान मुलांना अक्षराभ्यासासाठी घेऊन येतात. मांडीवर पोर, पोराच्या हातात पाटी. पोर बहुधा रडत असते!

याच बासरमध्ये विद्येचे दुसरेही एक ठिकाण आहे. मला आज सांगायचे आहे ते त्याच्याबद्दल. राजीव गांधी युनिव्हर्सिटी ऑफ नॉलेज टेक्नॉलॉजीज असे त्याचे लांबलचक नाव. लोक नुसते 'ट्रिपल आयटी' म्हणतात. २००८ साली तेव्हाच्या आंध्र प्रदेश सरकारने अशा तीन संस्था काढल्या, त्यातली ही एक. खेड्यापाड्यातल्या हुशार मुलांना दहावीनंतर थेट उचलायचे, वसतिगृहात ठेवायचे आणि सहा वर्षांत इंजिनियर करून बाहेर काढायचे, अशी योजना. पहिली दोन वर्षे बारावीपर्यंतची, पुढची चार पदवीची. प्रवेश परीक्षा नाही, कारण प्रवेश परीक्षा म्हटली की क्लास आला, आणि क्लास म्हटला की खेड्यातले पोर मागे पडले. म्हणून निवड दहावीच्या निकालावर.

त्यातली एक तरतूद मला फार शहाणपणाची वाटते. सरकारी अनिवासी शाळेतून आलेल्या मुलाच्या दहापैकी गुणांकात ०.४ मिळवायचे. याला 'वंचितता गुण' म्हणू. म्हणजे बेला किंवा तामसीच्या सरकारी शाळेतल्या मुलीला ९.५ मिळाले तर ते ९.९ धरायचे. ज्या शाळेत विज्ञानाला मास्तरच नाहीत तिथे ९.५ मिळवणे आणि हैदराबादच्या चकचकीत शाळेत ९.९ मिळवणे सारखेच कठीण आहे, असे त्या ०.४ मध्ये सरकारने कबूल केले आहे. कुणाचे काही काढून घेतलेले नाही.

पण गंमत पुढे आहे. २०१२ पासून आंध्रने दहावीला मार्कांऐवजी ग्रेड द्यायला सुरुवात केली. पुढे तेलंगण वेगळे झाले, त्यानेही ते चालू ठेवले. हेतू चांगलाच होता. तिकडे निकालाच्या दिवशी वर्तमानपत्रांत पानपानभर जाहिराती असत, पासपोर्ट फोटोंच्या रांगा आणि खाली आकडे. टीव्हीवर तर 'एक, एक, दोन, दोन, तीन' असे रँक ओरडून सांगत. त्या आकड्यांखाली किती पोरे चिरडली गेली ते सगळ्यांना माहीत आहे. तर मार्कच नाहीसे करा, म्हणजे शर्यत संपेल! ९१ पासून १०० पर्यंत सगळे ए-वन, सगळ्यांना दहा. पुढच्याची आणि मागच्याची दरी कमी झाली की नाही?

कागदावर झाली. पण दहाला दहा मिळालेली मुले एका संस्थेच्या जागांपेक्षा जास्त झाली तर करायचे काय? बासरच्या नियमात त्याचे उत्तर होते. गुणांक सारखा असेल तर गणिताचा ग्रेड बघायचा, मग विज्ञान, मग इंग्रजी, मग समाजशास्त्र, मग पहिली भाषा. सगळीकडे ए-वन असेल तर? तर ज्याचे वय जास्त तो आधी. वयही तेच असेल तर हॉल तिकिटाच्या नंबरावरून काढलेला एक आकडा.

आमच्या सरकारी कचेरीत ज्येष्ठता यादी अशीच लागते. दोघे कारकून एकाच दिवशी रुजू झाले तर जन्मतारीख बघतात. ते ठीक आहे. कारकुनाला कुणी गणितासाठी निवडलेले नसते. पण नव्व्याण्णव मार्कांची पोर आणि एक्क्याण्णव मार्कांची पोर समोर असताना त्यांच्यातला निवाडा जन्माच्या दाखल्यावर करायचा? आणि आपल्याकडे जन्मतारखा कशा लागतात ते ठाऊक आहेच. शाळेत घालताना मास्तर लिहितील ती तारीख.

२०२१ साली तर हा प्रकार अगदी टोकाला गेला. कोविडमुळे दहावीची परीक्षाच झाली नाही. शाळेतल्या अंतर्गत गुणांवर निकाल लागला आणि तेलंगणात दोन लाखांहून अधिक मुलांना दहापैकी दहा मिळाले. दरी पुरती बुजली म्हणायची! त्या वर्षी बासरचा प्रवेश शेवटी पॉलिटेक्निकच्या प्रवेश परीक्षेवरून द्यावा लागला. ज्या परीक्षेपासून खेड्यातल्या मुलाला वाचवायचे होते, तीच मागच्या दाराने आत आली.

मला यातून एकच गोष्ट दिसते. वर छप्पर घातले तर ते फक्त त्याच मुलाच्या डोक्याला लागते, ज्याला शाळेशिवाय दुसरे काही नाही. बाकीचे खिडकीतून बाहेर पडतात. दक्षिण कोरियात १९८० साली लष्करी राजवटीने खासगी शिकवण्यांवर सरसकट बंदी घातली. श्रीमंतांच्या शिकवण्या चोरून चालू राहिल्या, दर तेवढे वाढले. २००० साली तिथल्या घटना न्यायालयाने ती बंदी घटनाबाह्य ठरवली. अमेरिकेत सॅन फ्रान्सिस्कोच्या सरकारी शाळांनी २०१४ पासून आठवीत बीजगणित शिकवणे बंद केले, कारण त्या वर्गात गोरी आणि आशियाई मुलेच जास्त दिसत. सगळे नववीत एकदमच शिकतील असे ठरले. ज्यांच्या खिशात पैसे होते त्या आईबापांनी बाहेर फी भरून मुलांना आठवीतच बीजगणित शिकवले. वरच्या वर्गांच्या गणितातली वांशिक तफावत जवळपास होती तशीच राहिली, आणि मार्च २०२४ मध्ये तिथल्या मतदारांनी प्रचंड बहुमताने बीजगणित आठवीत परत मागितले. सॅन फ्रान्सिस्को आणि आदिलाबाद यांची तुलना करू नये हे मला कळते. पण आदिलाबादच्या खेड्यात बाहेर जाऊन फी भरण्याची सोयसुद्धा नाही.

आता दुसरी बाजू. ग्रेडच्या बाजूने बोलणारे लोक मूर्ख नाहीत. बासरच्या रांगेत बेल्याकडचे एक निवृत्त गुरुजी भेटले, नातवाचा अक्षराभ्यास होता. आदिलाबादच्या त्या सीमेवरच्या भागात मराठी माध्यमाच्या सरकारी शाळा आहेत, तशा शाळेत त्यांची नोकरी झालेली. मी ग्रेडविषयी छेडले तर ते म्हणाले, "तुम्ही वरच्या पोराचं बोलता. मी तीस वर्षं खालच्या पोराकडं बघत आलो. मार्क होते तेव्हा त्याला बत्तीस पडायचे आणि गावभर व्हायचं. ग्रेडात त्याची अब्रू तरी झाकली."

हे मला खोडता येत नाही. अब्रू ही लहान गोष्ट नव्हे. पण मी त्यांना विचारले, की वर्गात एखादे पोर सगळी गणिते दहा मिनिटांत संपवून बसले तर तुम्ही काय करत होता? गुरुजी हसले. "कपाटात वरच्या वर्गाची जुनी पुस्तकं असायची. एक काढून द्यायचो. कुणाला सांगायचो नाही."

खालच्याची अब्रू झाकायची आणि वरच्याला पुढचे पुस्तक द्यायचे, दोन्ही कामे तोच माणूस त्याच वर्गात करत होता. त्याला धोरणाची गरज पडली नाही, कपाट लागले. (आणि अर्थात, शाळेत मास्तर असावा लागला. ग्रेड आणल्याने रिकाम्या जागा भरत नाहीत.)

याच जुन्या आदिलाबाद जिल्ह्यात मारलवाई नावाचे गोंडांचे गाव आहे. १९४० साली कुमरम भीम मारला गेल्यावर गोंडांचे दुखणे काय आहे ते शोधायला निजाम सरकारने हायमेनडॉर्फ या ऑस्ट्रियन मानववंशशास्त्रज्ञाला पाठवले. तो आणि त्याची बायको बेटी मारलवाईत राहिले. १९४३ साली तिथे गोंड शिक्षकांसाठी प्रशिक्षण केंद्र सुरू झाले. निवडले कोणाला? ज्यांना थोडीबहुत मराठी अक्षरओळख आधीच होती अशा मूठभर गोंड तरुणांना. गोंडी भाषेची पुस्तके देवनागरीत छापली. सगळी जमात अक्षराला लागेपर्यंत त्या तरुणांना थांबवून धरले असते तर सगळेच थांबले असते. त्यांना पुढे काढले आणि शिक्षक करून गावांत परत पाठवले. पुढे १९५६ नंतर शाळा तेलुगू झाल्या, ती निराळी रड आहे. बेटी १९८७ साली गेली, तिची समाधी मारलवाईतच आहे.

मारलवाई आणि बासर यांच्यातला फरक मात्र मला टोचतो. मारलवाईहून शिकलेला तरुण गावात परत येत होता. बासरहून इंजिनियर झालेली बेल्याची मुलगी हैदराबादला जाईल, बंगळूरला जाईल, आणि तिने जावेच. पण तिच्या मागे जी पोरे वर्गात राहिली त्यांच्यातले सगळ्यात चलाख डोके आपण उचलून नेले, हे खरे आहे. नवोदय विद्यालये हेच करतात. १९७१ साली नरसिंह राव यांनी नलगोंडा जिल्ह्यात सर्वेल येथे पहिली सरकारी निवासी शाळा काढली, तिथेही हेच झाले. (हे तेच राव, ज्यांनी हरिभाऊ आपट्यांची 'पण लक्षात कोण घेतो' तेलुगूत नेली.) उचललेल्यांचे भले झाले यात शंका नाही. राहिलेल्यांसाठी असा जोरकस खर्च कुणी केला का? दरी मोजायची तर मी इथे मोजीन. वरच्या मुलीचे आठ मार्क पुसून नव्हे, तर खालच्या पोराला सातवीपर्यंत वाचता येते की नाही ते बघून.

नोव्हेंबर २०२४ मध्ये तेलंगण सरकारने दहावीच्या निकालात मार्क परत आणायचे ठरवले, आणि २०२५ च्या गुणपत्रिकेवर ते आलेही. नव्व्याण्णववाल्या मुलीला तिचे आठ मार्क मिळाले. त्याच गुणपत्रिकेवर बत्तीसवाल्याचे बत्तीसही आता पुन्हा दिसतात, आणि बेल्याच्या गुरुजींना त्याबद्दल काय वाटत असेल ते मला सांगायला नको.