दोन खोक्यांची सोयरीक

मंडळी, आजचा विषय थोडा तांत्रिक आहे. पण आपल्यापैकी बऱ्याच जणांच्या घरी जुनी यंत्रे धूळ खात असतात, म्हणून लिहितो.

नांदेडला आमच्या अण्णांनी (माझे थोरले बंधू) स्वतः जुळवलेला व्हॉल्व्हचा प्रीअँप्लिफायर आहे. अण्णा गेले, पुढे त्यांचा पॉवर अँप्लिफायरही जळाला. पुतण्याने नवा ट्रान्झिस्टरचा आणून जोडला. गाणे वाजू लागले, पण डग्ग्याचा घुमारा गेला आणि तंबोऱ्याचा खर्ज पार दबला. घरात ठरले, प्रीअँप बिघडला, भंगारात द्यायचा. वहिनींचा जीव होईना. त्यांनी मला लातूरला फोन केला, "भाऊजी, तुम्ही एकदा बघून जा."

नांदेडला माझा एक विद्यार्थी रेडिओ दुरुस्ती करतो. त्याला घेऊन गेलो. मीटर लावून तो म्हणाला, "सर, दोन्ही चांगले आहेत. यांची सोयरीक जमत नाही."

शेतावरची मोटार सुरू झाली की घरातला बल्ब मंद होतो ना? घेणाऱ्याने जास्त ओढले की देणाऱ्याचा जोर कमी पडतो. इथेही तेच. प्रीअँपच्या आऊटपुटचा इम्पीडन्स (म्हणजे विरोध) कमी हवा आणि पॉवर अँपच्या इनपुटचा निदान दहापट हवा. दोन्ही आकडे सारखे असावेत ही समजूत टेलिफोनच्या ६०० ओहमच्या तारांच्या काळातली. इथे आकडे सारखे झाले तर अर्धे व्होल्टेज वाटेतच जाते.

अण्णांच्या प्रीअँपचा आकडा ५ किलोओहम. जुन्या पॉवर अँपचा ४७०, नव्याचा फक्त १०. शिवाय मध्ये ०.१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर. तो खालचे स्वर अडवतो, आणि कुठपासून अडवायचे हे या विरोधावर ठरते. जुन्या जोडीत ती सीमा साडेतीन हर्ट्झच्याही खाली होती, कानाच्या पलीकडे. नव्या जोडीत ती १०६ हर्ट्झवर आली. काळी एकच्या तंबोऱ्याचा खर्ज ६९ हर्ट्झचा! तो दबणारच.

विद्यार्थ्याने १ मायक्रोफॅरडचा, ४०० व्होल्ट सोसणारा कपॅसिटर बसवला. सीमा साडेदहावर उतरली. एक तृतीयांश व्होल्टेज अजूनही वाटेत जाते, पण आवाजाचे बटण थोडे जास्त फिरवले की भागते. (घरी कुणी हात घालू नका. व्हॉल्व्हच्या यंत्रात बंद केल्यावरही शेकडो व्होल्ट साठलेले असू शकतात.)

तबकडी लावली तेव्हा वहिनी स्वयंपाकघरात होत्या. तिथूनच म्हणाल्या, "आता ह्यांच्यासारखं वाजतंय."

तेव्हा नातेवाईकहो, जुने यंत्र भंगारवाल्याला देण्याआधी दोन्ही खोक्यांचे हे दोन आकडे माहितीपत्रकात बघा. ते नसेल तर जाणकाराकडून मोजून घ्या. पाच मिनिटांचे काम आहे.