मी शब्दच चुकीचा शिकवला

वर्धा जिल्ह्यातल्या एका तंत्रनिकेतनात मी एकतीस वर्षं शिकवलं. दरवर्षी नवी मुलं यायची आणि पहिल्याच तासाला मी फळ्यावर एक वाक्य लिहायचो : विज्ञानाचा व्यवहारात केलेला वापर म्हणजे तंत्रज्ञान. मुलं ते वहीत उतरवून घ्यायची, परीक्षेत जसंच्या तसं लिहायची आणि मी दोनपैकी दोन गुण द्यायचो. आज ते वाक्य मला चुकीचं वाटतं. त्या वाक्यामुळे माझ्या हातून काही मुलांवर अन्याय झाला आणि त्यातल्या एकावर तर मी तोंडावर केला. म्हणून हे मनोगत.

तो मुलगा आर्वी तालुक्यातल्या एका खेड्यातून आलेला. वडील वाढई. आमच्याकडे सुताराला वाढई म्हणतात. तोंडी परीक्षेत मी त्याला नेहमीचा प्रश्न विचारला. तो क्षणभर थांबला आणि म्हणाला, "सर, वस्तू कशी घडवायची आन तशीच काहून घडवायची, हे दोन्ही ज्याले समजते, त्याच्यापाशी तंत्रज्ञान असते. माये बाबा तिफन करते तशी." मी त्याला तिथेच तोडलं. म्हणालो, "ते कसब झालं, तंत्रज्ञान नव्हे. तुझे वडील कोणतं विज्ञान शिकले?" तो गप्प झाला. त्या प्रश्नाला मी त्याला शून्य गुण दिले. आपण नीट शिकवतो आहोत, अशी माझी तेव्हा पक्की खात्री होती.

याच खात्रीने मी दरवर्षी मुलांना वर्ध्यातल्या मगन संग्रहालयात न्यायचो. तिथले चरखे, घाण्या, हातकागदाची साधनं दाखवून सांगायचो, "तंत्रज्ञान येण्याआधी माणूस असं काम करायचा." गांधीजी यंत्राच्या विरोधात होते, हे तर मी इतक्यांदा बोललो की ते मला पाठ झालं होतं.

निवृत्तीनंतर एका शाळेने विज्ञान दिनाला व्याख्यान द्यायला बोलावलं. विषय 'तंत्रज्ञान म्हणजे काय?' इतकी वर्षं शिकवलेला शब्द, पण मुलांना त्याचा जन्म सांगावा म्हणून पहिल्यांदाच शब्दकोश उघडला. तिथून माझं मत उसवत गेलं.

टेक्नॉलॉजी हा शब्द मुळात ग्रीक. 'टेख्ने' म्हणजे घडवण्याची कला आणि 'लोगोस' म्हणजे तिची सुसूत्र मांडणी. ग्रीकांमध्ये हा जोडशब्द व्याकरण आणि वक्तृत्व यांच्या पद्धतशीर विवेचनासाठी वापरत. अ‍ॅरिस्टॉटलने टेख्ने आणि नुसता अनुभव यांत फरक केला आहे. अनुभवी माणसाला एवढंच माहीत असतं की असं केलं की असं होतं. टेख्ने ज्याच्याकडे आहे त्याला ते का होतं हेही माहीत असतं. हे वाचताना मी पुस्तक मिटलं. 'कशी घडवायची आन तशीच काहून घडवायची.' मी शून्य गुण दिलेलं उत्तर अ‍ॅरिस्टॉटलचं होतं, आणि त्या मुलाने ते वडिलांच्या अंगणातून आणलं होतं.

पुढे वाचत गेलो. १७७७ साली जर्मनीत गॉटिंगेनच्या योहान बेकमन यांनी टेक्नॉलॉजीवर पाठ्यपुस्तक लिहिलं. त्यांच्या लेखी हा विषय म्हणजे हस्तव्यवसाय आणि कारखाने यांतल्या कामांची विद्या. हे प्राध्यापक आपल्या विद्यार्थ्यांना घेऊन कारागिरांच्या कामाच्या जागी जात. १८२९ साली अमेरिकेत जेकब बिगेलो यांनी हा शब्द पुस्तकाच्या नावात घेतला, १८६१ साली मॅसॅच्युसेट्समधल्या संस्थेच्या नावात तो आला. तरी या साऱ्या काळात टेक्नॉलॉजी म्हणजे कलांचा आणि उद्योगांचा अभ्यास. यंत्रांनाच टेक्नॉलॉजी म्हणायची रीत विसाव्या शतकातली. मी जी व्याख्या सनातन म्हणून शिकवली तिचं वय माझ्या आजोबांपेक्षा फार जास्त नव्हतं.

आणि पुरावा तर माझ्याच विषयात होता. मी उष्मागतिकी शिकवायचो. जेम्स वॉटचं वाफेच्या इंजिनाचं पेटंट १७६९ चं, आणि ते इंजिन उष्णतेतून काम कसं काढतं याचा पाया घालणारा कार्नोचा ग्रंथ १८२४ चा. आधी इंजिन, मग पंचावन्न वर्षांनी त्याचं शास्त्र. ही दोन्ही सालं मीच वर्गात सांगत होतो. पुढे विज्ञानानेही अनेक यंत्रांना जन्म दिला, हे खरंच आहे. पण सुरुवात घडवणाऱ्या हातापासून होते, हे समोर असून मला दिसलं नाही.

टेख्नेच्या मागे आणखी जुनं मूळ आहे. भाषेचे अभ्यासक त्याचं नातं संस्कृतातल्या 'तक्ष्' या धातूशी लावतात. तक्ष् म्हणजे लाकूड कापून, सोलून आकार देणं. त्यावरून तक्षन्, म्हणजे सुतार. ऋग्वेदातले कवी म्हणतात, सुताराने रथ घडवावा तसं आम्ही सूक्त घडवलं. लॅटिनमध्ये याच मुळाच्या शब्दाचा अर्थ विणणं, त्यातून कापडाचा टेक्स्टाइल आला आणि पुस्तकाचं टेक्स्टही. आणि आपल्या मराठीत? आपल्याकडे तो शब्द रोजच्या बोलण्यात आहे : तासणे. क्षेत्राचं शेत झालं, मक्षिकेची माशी झाली, तसं तक्षचं तास झालं. म्हणजे टेक्नॉलॉजीचा सख्खा मराठी भाऊ कोणत्याही परिभाषाकोशात नाही, तो वाढयाच्या वाकसाच्या धारेवर आहे.

तासणं मी लहानपणी तासन्‌तास पाहिलं आहे. आमच्या गावच्या वाढयाच्या अंगणात बाभळीचा ओंडका पडलेला असे. तो आधी रंगात भिजवलेलं सूत दोन टोकांना ताणून धरायचा, मधून उचलून सोडायचा, की लाकडावर सरळ रेघ उमटायची. सुतार हा शब्दच मुळी सूत्रधार, सूत धरणारा. मग तो पायाच्या अंगठ्याने लाकूड दाबून वाकस चालवायचा. बाहेरचं मऊ पांढरं लाकूड आधी काढून टाकायचं, कारण कीड तिथेच लागते. आतला तांबडा गाभा ठेवायचा. लाकडाची नस जिकडे वळते तिकडून घाव घालायचा, नाहीतर ढलपी खोल जाते. पेरणीच्या तिफणीच्या दिंडात फण बसवताना तो आधी विचारायचा, "वावर भारी का हलकं?" फणाचा कल किती द्यायचा ते त्या उत्तरावर ठरे. कल चुकला तर ज्वारीचं बी खोल पडतं आणि उगवत नाही. त्याच्या प्रत्येक घावामागे एक 'का' होता. मी ते सगळं पाहिलं होतं, आणि तरी पुढे म्हणालो की हे कसब आहे, तंत्रज्ञान नव्हे.

मग 'तंत्रज्ञान' या मराठी शब्दाकडे वळलो. तंत्र हा शब्द 'तन्' या धातूपासून, तन् म्हणजे ताणणं. त्याचा जुना अर्थ माग, मागावर ताणलेला ताणा. तंतू त्याच घरातला. एका शब्दाच्या मुळाशी सुतार आणि दुसऱ्याच्या मुळाशी विणकर. मी मात्र दोघांनाही वर्गाबाहेर ठेवून त्यांचा शब्द शिकवत होतो.

हे कळल्यावर मगन संग्रहालयात पुन्हा गेलो, या वेळी एकटाच. १९३४ च्या डिसेंबरात वर्ध्यात अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ स्थापन झाला. जमनालाल बजाज यांनी दिलेल्या बागेत, मगनवाडीत, संघाचं काम पाहणाऱ्या जे. सी. कुमारप्पा यांनी तेलघाणी, हातकागद, चूल, दिवा, मधमाश्या यांवर प्रयोग चालवले. ३० डिसेंबर १९३८ रोजी गांधीजींनी या संग्रहालयाचं उद्घाटन केलं. मी मुलांना जुन्या काळाची आठवण म्हणून जे दाखवत होतो, ते खरं तर एका प्रयोगशाळेचं काम होतं.

गांधीजींच्या यंत्रविरोधाचंही तसंच. १९२९ साली गांधीजींच्याच अखिल भारतीय चरखा संघाने सुधारित चरख्यासाठी एक लाख रुपयांचं बक्षीस जाहीर केलं होतं. त्याच्या अटी कोणत्याही अभियंत्याने वाचाव्यात. चरखा हलका, हाताने किंवा पायाने चालणारा हवा. बाईला आठ तास फार कष्ट न होता चालवता यावा. तेवढ्या वेळात १२ ते २० नंबरचं १६,००० यार्ड सूत निघावं. किंमत १५० रुपयांच्या आत, आयुष्य वीस वर्षं. त्या अटी पुऱ्या करणारा चरखा कुणाला करता आला नाही. पण यंत्र नको असलेला माणूस अशा अटी घालत नाही. कोण चालवणार, तिचं अंग किती दुखणार, तिला ते परवडणार का, हे त्याने रचनेच्या आधी ठरवलं होतं. मी एकतीस वर्षांत एकाही आराखड्याला हे प्रश्न विचारायला शिकवलं नाही.

ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्ध्याच्या शिक्षण परिषदेतून नई तालीम, म्हणजे हस्तोद्योगातून शिकवण्याची गांधीजींची योजना, उभी राहिली. त्याआधी काही महिने गांधीजींनी 'हरिजन'मध्ये लिहिलं होतं की हस्तोद्योग नुसता यांत्रिकपणे शिकवू नये, त्यातल्या प्रत्येक क्रियेचं कारण मुलाला कळलं पाहिजे. पुन्हा तोच 'काहून'. माझ्या तंत्रनिकेतनापासून गांधीजींचं सेवाग्राम फार लांब नव्हतं.

कारण शिकवायचं म्हणजे काय, ते सूतकताईत चांगलं दिसतं. पेळूतून निघणारा धागा चातीच्या टोकाशी तिरका धरला, की चातीच्या प्रत्येक फेऱ्याला तो टोकावरून घसरतो आणि त्याला एक पीळ बसतो. हात मागे नेत जायचा, तंतू सरकत जातात, धागा लांबतो. मग तोच धागा चातीशी काटकोनात आणायचा. आता तो घसरत नाही, चातीवर गुंडाळला जातो. चाक तेच, चाती तीच, नुसता कोन बदलला की काम बदललं. संग्रहालयातून आल्यावर मी कातायला शिकलो. पहिल्या आठवड्यात माझं सूत हातभर निघालं की तुटायचं. बोटांना कोन कळायला वीस दिवस लागले.

माझं मत बदललं याचा अर्थ जुनं तेवढं चांगलं, असं मी मानू लागलो नाही. माझ्या आईच्या तळहाताला जात्याचे घट्टे होते. गावात विजेची पिठाची गिरणी आली तेव्हा तिने जातं ओसरीच्या कोपऱ्यात ढकललं आणि पुन्हा त्याला हात लावला नाही. ते जातं परत आणा असं मी कुणालाही सांगणार नाही. साधन जुनं आहे की नवं, यावर माझा आता भर नाही. मी विचारतो, ते कुणाच्या तंत्राने चालतं?

मराठीत आपण म्हणतो, तो बायकोच्या तंत्राने चालतो, तो भावाच्या तंत्राने चालतो. तंत्र म्हणजे इथे ताबा. म्हणून स्वतंत्र आणि परतंत्र. पाणिनीने वाक्यातला कर्ता कोण हे सांगताना 'स्वतंत्र' हाच शब्द वापरला. जो स्वतंत्र, तो कर्ता. आमच्या जिल्ह्याने परतंत्र होणं कापसात पाहिलं आहे. हिंगणघाटचा कापूस एकेकाळी नावाजलेला. आगगाडी आल्यावर तो मुंबईमार्गे मँचेस्टरला जाऊ लागला आणि कापड तिकडून येऊ लागलं. २००२ साली बीटी कापसाला परवानगी मिळाली. बोंडअळी आटोक्यात आली तेव्हा आम्हीही आनंदाने तेच लावलं. पण ते बियाणं संकरित, घरची सरकी पुढच्या हंगामाला ठेवण्यात अर्थ उरला नाही. काही वर्षांनी गुलाबी बोंडअळी त्या बियाण्यालाही पुरून उरली. बियाण्यामागचं विज्ञान उत्तम होतं. पण का पेरायचं, काय बदलायचं हे ठरवणारा कर्ता वावरात राहिला नव्हता.

मागच्या उन्हाळ्यात विहिरीवरची मोटर जळाली. एक फेज गेलेली असताना ती चालू राहिली होती. ती घेऊन आर्वीला रिवाइंडिंगच्या दुकानात गेलो. समोर तोच माझा विद्यार्थी, आता कानाजवळ पांढरे केस. जळालेली कॉइल कापण्याआधी त्याने तिचे फेरे मोजून वहीत लिहिले, तारेचं गेज पाहिलं, खाचांतला करपलेला कागद काढला. मग फॉर्म्यावर तांब्याची तार गुंडाळायला बसला. एका हाताने हँडल, दुसऱ्या हातात ताणलेली तार. मागावरच्या माणसासारखा ताण सांभाळत होता. मला राहवलं नाही. म्हणालो, "त्या तोंडी परीक्षेत तुझं उत्तर बरोबर होतं. मी चुकलो." त्याने मान वर केली नाही. म्हणाला, "थांबा न सर. एक्केचाळीस, बेचाळीस." कॉइल पुरी झाली, तार कापली, मग माझ्याकडे पाहिलं. "मले आठवते," एवढंच म्हणाला. आणि मोटर का जळाली, फेज जाताच ती आपोआप बंद व्हावी म्हणून स्टार्टरमध्ये काय बसवावं लागतं, ते त्याने मला कागदावर काढून समजावलं. मी विद्यार्थ्यासारखा ऐकत राहिलो.

तो कागद मी जपून ठेवला आहे. एकतीस वर्षं फळ्यावर लिहिलेलं वाक्य मी मनातून पुसून टाकलं आहे. त्या जागी आता त्या मुलाचं उत्तर आहे, त्याच्याच शब्दांत, 'काहून'सकट.