राखणीचं पातं

खानदेशात हळद लागली की नवरदेवाच्या हाती कट्यार येते. टोकाला लिंबू टोचलेलं. मग मांडवात, पंगतीत, मारुतीच्या पाराशी, जाईल तिथं ती त्याच्यासोबत. तिनं कुणाला मारायचं नसतं. हळदीच्या अंगाला दृष्ट लागू नये, बाहेरचं काही बाधू नये, एवढंच तिचं काम.

आमच्या भाऊबंदकीत अशी एक जुनी कट्यार आहे. पितळी मूठ हात लागून लागून गुळगुळीत झालेली, म्यानाचं लाल मखमल कडांना विरलेलं. ज्या घरी लग्न, त्या घरी ती जाते. कधी जळगावला, कधी धुळ्याला, कधी अमळनेरला. पातं उजेडात धरलं की टोकाशी काळसर डागांची दाटी दिसते. लिंबाच्या रसानं लोखंड काळवंडलंय. एकेका लग्नाचा रस त्यात मुरलाय. ते डाग घासून काढावेत, असं घरात कुणालाच वाटत नाही.

हिवाळ्यात आमच्याकडे स्वेटर-शाली घेऊन तिबेटी कुटुंबं येतात. गोंदिया जिल्ह्यात गोठणगावला १९७२पासून त्यांची वसाहतही आहे. त्यांच्या धर्मातली फुर्बा, म्हणजे विधीत वापरायची कट्यार, ही मला या कट्यारीची दूरची बहीण वाटते. तिचं पातं मकराच्या जबड्यातून निघतं. वर वज्राची मूठ, माथ्यावर वज्रकीलय देवतेची तीन मुखं. पात्याला बाजूही तीन, कारण विषं तीन : मोह, आसक्ती, द्वेष. साधक ती दोन्ही तळव्यांत धरून फिरवतो, टोक खाली रोखतो आणि विघ्नाला जागीच खिळवतो. आठव्या शतकात तिबेटात सम्येचा विहार बांधताना आड आलेल्या शक्तींना पद्मसंभव या बौद्ध आचार्यानं असंच वश केलं, असं परंपरा सांगते. त्यांचा जीव त्यानं घेतला नाही. धर्म राखायची शपथ घालून त्यांनाच राखणदार केलं. ही गोष्ट मला फार मोलाची वाटते.

आपणही लोखंडाला असंच राखणीला बसवत आलोय. बाळंतिणीच्या उशाशी विळा ठेवतो. खंडेनवमीला नांगराचा फाळ धुऊन त्याला हळदकुंकू लावतो. जन्म, पेरणी, लग्न. जिथं जीव सर्वांत कोवळा, तिथं लोखंड उभं करतो. त्यामागे भीती आहेच, पण तिच्याहून मोठी माया आहे.

फरक आहे तो रोखाचा. आमच्या कट्यारीचं लक्ष बाहेरच्या नजरेवर, फुर्बाचं आतल्या विषावर. संसाराला मात्र दोन्हीकडून राखण लागते. घरं दृष्ट लागून मोडतात त्याहून कितीतरी जास्त मनातल्या रागानं आणि हावेनं मोडतात. म्हणून पोराच्या हाती कट्यार देताना घरातल्या थोरांनी त्याला हेही सांगावं, की बाबा, लिंबू उतरेल, हळद धुतली जाईल. त्यानंतर स्वतःच्या रागावर पहारा तुलाच द्यायचाय.