कबरीवरची तारीख

‘अदालत’ ही मालिका सोनीवर २०१० साली सुरू झाली. आमच्या घरात ती आता तिसऱ्यांदा पाहणं चालू आहे. के. डी. पाठक उलटतपासणीला उभा राहिला की अब्बा चहाचा कप खाली ठेवतात आणि अम्मी खुनी कोण ते आधीच सांगून मोकळी होते. जोडीला बासू चटर्जींची दोन कामं: दूरदर्शनवरचा १९९३चा ‘ब्योमकेश बक्शी’ आणि १९८६चा ‘एक रुका हुआ फैसला’. खरं सांगायचं तर या सगळ्यांत आम्हाला पटतो तो ‘रुका हुआ फैसला’च. ‘अदालत’मध्ये गुन्हेगार भर कोर्टात कबूल होतो. इथे कबुली द्यायला कुणीच नाही. बारा माणसं एका खोलीत बसतात, अकरांना मुलगा दोषी वाटतो आणि एकजण विचारतो की पाय ओढत चालणारा म्हातारा साक्षीदार इतक्या सेकंदांत दारापर्यंत पोहोचलाच कसा?

उन्हाळ्याच्या सुट्टीत घराण्याचा शजरा लिहायला बसलो तेव्हा असाच एक प्रश्न आमच्या पुढ्यात आला.

आम्ही मूळचे महाड तालुक्यातले. दादा अंबरनाथला विमकोच्या काडेपेटी कारखान्यात लागले आणि पुढे बिऱ्हाड उल्हासनगरच्या कॅम्प पाचमध्ये आलं. इथे जुन्या कागदांचा विषय निघाला की सिंधी शेजाऱ्यांचं आधी ऐकावं. त्यांचे वाडवडील फाळणीनंतर महायुद्धातल्या लष्करी छावणीच्या बराकींत उतरले. ८ ऑगस्ट १९४९ला त्या छावणीचं उल्हासनगर झालं. घरंदारं, जमिनींचे दस्त, सगळं सिंधमध्ये राहिलं. आमचं तसं नाही. आमच्या गावचं दप्तर जागच्या जागी आहे, अर्ज करून नक्कल मागितली की मिळते. म्हणजे कागद नाहीत ही सबब आम्हाला नाही.

पणजोबांच्या पश्चात १९५८ साली वारसाचा फेरफार झाला. त्यात दोनच नावं: आमचे दादा आणि त्यांचे धाकटे भाऊ. पण दादांच्या उर्दू वहीत एका बहिणीच्या निकाहचा खर्च आणा-पैशांसह लिहिलेला. ती अब्बांची फुफी. तिचं नाव फेरफारात का नाही, असं विचारलं तर घरातल्या थोरांचं एकच उत्तर: “ती बापाच्या आधीच वारली.”

सगळा मामला या एका वाक्यावर उभा होता. मुलगी बापाच्या आधी गेली आणि भाऊ हयात असले, तर तिच्या मुलांना आजोबांच्या मिराशीत हिस्सा लागत नाही. बापाच्या मागे एक दिवस जरी जगली, तरी हिस्सा तिचा झाला आणि तिच्यानंतर तिच्या वारसांचा.

पणजोबांचा इंतकाल वहीत रबीउल अव्वल १३७६ असा नोंदलेला, म्हणजे ऑक्टोबर १९५६. फुफीची कबर माणगाव तालुक्यात, तिच्या सासरच्या गावी. शेवाळ खरवडल्यावर दगडावरची उर्दू अक्षरं लागली: तिचं नाव, बापाचं नाव आणि रजब १३७९. हिजरी वर्ष सुमारे अकरा दिवसांनी लहान असतं, म्हणून हिशेब दोनदा केला. जानेवारी १९६०. त्या गावच्या मृत्यूनोंदीतही तोच महिना निघाला. बापाच्या मागे ती सव्वातीन वर्षं जगली होती. फेरफारावर सही-अंगठे झाले तेव्हाही ती हयात होती, दोन तालुक्यांमधल्या अंतरावर.

कबरीवरच्या मजकुराला कोर्टात किंमत ती काय, असं एका भाचरानं विचारलं. आहे. १८७२च्या साक्ष्य कायद्याच्या कलम ३२ मध्ये नातं शाबीत करण्यासाठी घराण्याची वंशावळ आणि कबरीवरचा लेख दोन्ही धरले आहेत. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमातही ती तरतूद आहे.

पणजी आधीच वारलेली, त्यामुळे हिशेब सरळ. दोन मुलगे, एक मुलगी: दोन, दोन, एक. अडीच एकर म्हणजे शंभर गुंठे, फुफीचे वीस. “तिला लग्नात दिलं होतं ना,” असं आता म्हणतात. जहेज म्हणजे मिरास नव्हे. सूरह निसाच्या सातव्या आयतीत वारसा थोडा असो की फार, बायकांचा हिस्सा ठरवून दिला आहे. तो खर्चाच्या वहीत वळता करण्याचा अधिकार भावांना कुणी दिला?

चुलतभावाचं म्हणणं, मेलेल्या माणसांवर खटला कशाला. त्यावर अब्बांनी त्याच सूरहची १३५वी आयत काढून समोर ठेवली. साक्ष इन्साफची द्यावी, मग ती स्वतःविरुद्ध जावो की आईबापांविरुद्ध. दादा अब्बांचे वडील. हे वाचताना त्यांचा आवाज बसला होता, पण त्यांनी आयत पुरती वाचली.

फुफीची मुलगी आज सत्तरीपलीकडे आहे. आम्ही नकला घेऊन तिच्याकडे गेलो. तिनं आईचं नाव असलेला कागद बराच वेळ मांडीवर ठेवला. मग म्हणाली, “माफ केलं म्हणावं, असं तुम्हाला वाटत असेल. आधी हिस्सा दाखवा, माफीचं मागून बघू.” तिचं बरोबर आहे. दिला न गेलेला हक्क माफ करून घेण्याची रीत आपल्याकडे फार सोयीची झाली आहे.

वीस गुंठ्यांचे पुढचे वाटे मुफ्तीसाहेबांकडून लिहून घेतलेत. मोजणीचा अर्ज तयार आहे. त्यावर अब्बांची सही झाली, चुलतभावाची व्हायची आहे. येत्या जुम्याला तो घरी जेवायला येतोय.