समजून घेण्याची पाळी कुणाची?

पिरंगुट, ता. मुळशी

प्रिय भाचीबाई,


सुपरवायझर झालीस, मनापासून अभिनंदन. कंपनीने ट्रेनिंग दिलं, त्यात भावनिक बुद्धिमत्तेवर एक तास झाला, आणि पुढच्याच आठवड्यात लाइन बंद पडली तेव्हा त्यातलं अक्षरही आठवलं नाही, असं लिहिलंयस. आठवणार कसं? ऑडिट तोंडावर आलं की माणसाला स्वतःचं नाव आठवत नाही. "मामा, तुम्ही शॉपवर जन्म काढलात, तुम्हीच सांगा," म्हणतेस, तर सांगतो.

इथे घोटावडे फाटा, उरवडे या बाजूला जिकडेतिकडे शेड. लातूर-नांदेडपासून थेट बिहारपर्यंतची पोरं एकेका खोलीत दाटीवाटीने राहतात आणि पाळीला येतात. आमच्या प्रेस शॉपमध्ये असाच एक नवा पोरगा होता. जॉब रिजेक्ट झाला की हसायचा. इनचार्ज ओरडला की आणखी हसायचा. इनचार्जचा पारा मग असा चढायचा की विचारू नकोस. एकदा शेजारच्या मशीनवरचा जुना ऑपरेटर हळूच म्हणाला, "साहेब, तो दात काढत नाहीये. त्याचे कान बघा." कान लालबुंद झालेले, आणि हात कोरडे असूनही पोरगा ते चिंधीला पुसत होता, पुन्हा पुन्हा. त्याला मापाचा व्हर्नियर धड वाचता येत नव्हता. आयटीआय करून आलेल्याने हे विचारायचं कसं, या लाजेने तो मेला होता. चहाच्या सुट्टीत त्या ऑपरेटरनेच त्याला रीडिंग घ्यायला शिकवलं.

पीटर सॅलोव्हे आणि जॉन मेयर या दोन अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी १९९० साली भावनिक बुद्धिमत्तेची कल्पना मांडली, आणि १९९५ च्या डॅनियल गोलमनच्या पुस्तकाने ती जगभर गेली. सॅलोव्हे-मेयर यांनी पुढे तिचे चार भाग सांगितले: भावना ओळखणं, विचार करताना तिचा उपयोग करणं, ती का आली हे समजणं आणि मग ती सांभाळणं. आपली ट्रेनिंगं पहिले तीन ओलांडून थेट चौथ्यावर उडी मारतात. राग आवरा, श्वास घ्या, दहापर्यंत मोजा. अगं, पण आवरायचं काय, तेच कळलं नसेल तर? त्या इनचार्जने मोजले असते दहा, आणि अकराव्याला पुन्हा ओरडला असता.

म्हणून आधी ओळखायला शीक, आणि सुरुवात स्वतःपासून कर. पाळी संपली की डायरीत एक ओळ लिही, पण 'राग आला' एवढंच लिहून सुटायचं नाही. वैताग होता, अपमान होता, हेवा होता, की आपण उघडे पडू ही भीती? मानसशास्त्रज्ञ मॅथ्यू लीबरमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००७ मध्ये मेंदूचे स्कॅन काढून दाखवलं की भावनेला नाव दिलं की मेंदूतला धोक्याची हाकाटी देणारा भाग थोडा शांत होतो. डायरीला पैसे पडत नाहीत, करून बघ.

दुसरं, घटना आणि आपला त्रास यांच्या मधे काय घुसलंय ते तपास. ही मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांची शिकवण. मुंबईच्या कि. मो. फडक्यांनी एलिस यांच्याशी वर्षानुवर्षं पत्रव्यवहार करून ती इकडे रुजवली, आणि ठाण्याच्या आयपीएच या मानसिक आरोग्याच्या संस्थेतून डॉ. आनंद नाडकर्णींनी ती मराठी घराघरांत नेली. लाइन बंद पडली, ही घटना. 'माझ्या पाळीत असं घडताच कामा नये', ही तुझी मागणी. घाम फुटतो तो बहुतेक या मागणीने. मशीनला तुझी पाळी कुठली ते ठाऊक नसतं. घडू नये असं वाटणं रास्तच आहे, ते सोडू नकोस. हुकूम तेवढा मागे घे.

तिसरं, घरचं. भूगावच्या कोंडीत अडकलेली कंपनीची बस माणसाला घरी सोडते तेव्हा तो आधीच पेटलेला असतो आणि पहिली काडी पोराच्या सांडलेल्या दुधाची पडते. तुझी मामी मला दारातच सांगायची, "आधी हातपाय धुवा, मग बोला." जुन्या घरांतली ही रीत मोडू नकोस.

आता खरं सांगायचं ते. आपल्याकडे समजूतदार म्हणून जिचं कौतुक होतं ती बहुतेक वेळा गप्प बसलेली असते. घरात सुनेने समजून घ्यायचं, कंपनीत कंत्राटी पोराने. साहेब ओरडला तर कडक, तू ओरडलीस तर तापट. भावनिक बुद्धिमत्ता जर फक्त खालच्यांनीच शिकायची असेल तर तिला मी सोशिकपणाच म्हणेन. ओव्हरटाइमचे पैसे बुडाले तर दीर्घ श्वासाने ते मिळत नाहीत. १९२१ साली टाटांच्या मुळशी धरणाखाली जमिनी जाऊ लागल्या तेव्हा इथल्या मावळ्यांनी आपली चीड एकमेकांवर काढली नाही; ते सत्याग्रहाचे पुढारी बापट यांच्याबरोबर कामाच्या जागी जाऊन बसले. बापटांना लोक सेनापती म्हणू लागले ते त्या लढ्यापासून. धरण झालंच, पण तो राग योग्य दाराशी गेला होता. राग काय सांगतोय ते ऐकावं आणि त्याला नीट पत्ता द्यावा, एवढंच माझं म्हणणं.

तुझ्या लाइनवर कुणी आठवडेच्या आठवडे गप्प, जेवणखाण सोडून बसलेला दिसला तर मात्र आपली हुशारी चालवू नकोस. सरकारची 'टेली मानस' सेवा २०२२ पासून आहे, नंबर १४४१६, मराठीतही बोलतात, पैसे लागत नाहीत. नोटीस बोर्डावर लाव.

आणि यापुढे मीटिंगमध्ये कुणी "जरा समजून घ्या मॅडम" म्हणालं, तर घे जरूर. पण लगेच विचार, "तुम्ही माझं काय समजून घेतलंत?" उत्तर काय मिळतं ते मला कळव.

आईला नमस्कार सांग.

तुझा,
मामा